वजन उतरवताना पनीर खावं का?

प्रश्न: ताई, माझं वय 46. चार महिन्यांत मी सहा किलो वजन उतरवलं. त्यासाठी तळलेलं, गोड आणि चीज पूर्ण बंद केलं. तळलेल्याची आता आठवणही येत नाही, पण पनीर, मोझरेला, रिकोटा (मऊ, दाणेदार इटालियन चीज) यांच्यावरचं मन काही उडत नाही. परवा घरच्यांसाठी पनीर करताना एक गरम तुकडा तोंडात टाकला आणि रात्रभर चुटपुट लागून राहिली. आठवड्यातून दोन-तीनदा खाल्लं तर मेहनत वाया जाईल का? लो फॅट पनीर करून पाहिलं, पण ते रबरासारखं लागतं.

उत्तर: तो गरम तुकडा खाल्लात, छान केलंत. नुकतंच निथळलेलं पनीर जे लागतं, ते दुसऱ्या दिवशी लागत नाही. सहा किलो तुम्ही रोजच्या सवयींनी उतरवलेत, एका तुकड्यानं ते परत येणार नाहीत. चुटपुट सोडा.

'चीज' या एका शब्दाखाली लोक सगळंच बंद करतात, याचं मला फार वाईट वाटतं. चेडरसारख्या मुरवलेल्या चीजमध्ये पाणी कमी आणि फॅट जास्त, म्हणून 100 ग्रॅमला 400 च्या आसपास कॅलरी भरतात. ताज्या, म्हणजे न मुरवलेल्या, चीजमध्ये पाणी जास्त. लो फॅट कॉटेज चीज (डब्यात मिळणारं ओलसर, दाणेदार ताजं चीज) 100 ग्रॅमला जेमतेम 80 कॅलरी आणि 11-12 ग्रॅम प्रथिनं देतं. पूर्ण दुधाचा रिकोटा 150 ते 175 कॅलरी. पूर्ण दुधाचं पनीर आणि ताजा मोझरेला मात्र 250 ते 300 पर्यंत जातात; प्रथिनं 18-20 ग्रॅम, पण फॅटही तितकंच किंवा थोडं जास्तच. आणि क्रीम चीज ताजं असूनही 350 कॅलरीचं, प्रथिनं फक्त 6 ग्रॅम. वजनाचा विचार करताना मी क्रीम चीजला लोण्याच्याच रांगेत बसवते.

तेव्हा खा, पण तोलून. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढा. आधी अंदाजानं 'माझ्यापुरतं' पनीर कापा आणि मग काट्यावर ठेवा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा 50 ग्रॅम समजून कापलेला तुकडा 85 भरला होता. लांबी, रुंदी, उंची तिन्ही तीन सेंटिमीटर असलेला चौकोनी तुकडा साधारण 30 ग्रॅमचा असतो. असे दोन तुकडे म्हणजे अंदाजे 170 कॅलरी. आठ-दहा दिवस तोललंत की डोळ्याला सवय होते, मग काटा लागत नाही.

हे 60 ग्रॅम जेवणातलं मुख्य प्रथिन म्हणून घ्या. सगळं जेवून वर पनीर खाल्लं तर ते अंगावर चढणारच. आणि तेलाकडे लक्ष द्या. 15 मिलिलिटरचा एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. पनीर त्यात परतलंत की दोन तुकड्यांचे जवळपास साडेतीन झाल्यासारखे. मला विचाराल तर ताजं चीज शिजवूच नये. काकडी-टोमॅटोच्या जाड फोडी, त्यावर हातानं कुस्करलेलं पनीर, ताजी मिरपूड, लिंबाचे चार थेंब. सावकाश खा. प्रथिनांमुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं.

आता रबराचं. नुसत्या साय काढलेल्या दुधाचं पनीर चिवट होतंच, कारण मऊपणा फॅटमुळे येतो. निम्मं पूर्ण दूध, निम्मं साय काढलेलं घ्या. उकळी आली की गॅस बंद करा आणि लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. पाणी हिरवट, नितळ दिसलं की थांबा. पुढे घातलेला प्रत्येक थेंब पनीर घट्ट करतो. फाटल्यावर पुन्हा उकळू नका. कपड्यात बांधून गार पाण्याखाली धरा आणि हलकं वजन ठेवून वीस मिनिटांत काढा. उरलेलं पाणी सूपमध्ये घाला.

रक्तदाब असेल तर विकतच्या कॉटेज चीज आणि फेटा (खाऱ्या पाण्यात ठेवलेलं चीज) यांच्या पाकिटावर मिठाचं प्रमाण वाचा. घरच्या पनीरमध्ये ते आपल्या हातात असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

प्रश्न: रात्री पनीर खाल्लं तर वजन जास्त वाढतं, हे खरं का?

उत्तर: घड्याळापेक्षा दिवसभराची बेरीज महत्त्वाची. रात्रीच्या जेवणातच ते 60 ग्रॅम घेतलेत तर काही बिघडत नाही. जेवणानंतर फ्रिज उघडून उभ्या उभ्या तोडलेले तुकडे मात्र कोणीच मोजत नाही. उरलेलं पनीर डब्यात पाणी घालून, झाकण लावून ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांत संपवा.