'तुरळक ठिकाणी' म्हणजे तुरळक पाऊस नव्हे (आणि वळीव-अवकाळीचं काय ते)

प्रश्न असा होता की मे महिन्यात विदर्भाच्या हवामान अंदाजात एकाच दिवसाला 'उष्णतेची लाट' पण असते आणि 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस' पण, मग समजायचं काय, तुरळक म्हणजे नुसता शिडकावा का, आणि ह्या पावसाला बातम्यांत अवकाळी म्हणतात पण घरातली मोठी माणसं वळीव म्हणतात, तर बरोबर कोण. शेवटी एक शेपूटही होतं, वळवाचा लिहायचं की वळिवाचा.

तुरळकपासून सुरू करतो, सगळा घोळ तिथेच आहे. रोजच्या बोलण्यात तुरळक म्हणजे विरळ, थोडं. "यंदा मोहोर तुरळकच आहे", "सभेला तुरळक गर्दी होती". त्यामुळे 'तुरळक' आणि 'पाऊस' एका वाक्यात आले की डोक्यात चार थेंबच येतात. पण अंदाजात तुरळक हे विशेषण पावसाचं नाहीच, ते ठिकाणांचं आहे! एखाद्या हवामान उपविभागात (अंदाजासाठी पाडलेला भाग, विदर्भ त्यातलाच एक) जेवढी पर्जन्यमापन केंद्रं आहेत त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस होईल असं वाटलं की 'तुरळक ठिकाणी' लिहितात, २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी', ५१ ते ७५ 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. म्हणजे हे सगळे शब्द पाऊस किती जागी पडेल ते सांगतात, किती पडेल ते नाही. आता पेपरवाले काय करतात, जागा वाचवायला मधला 'ठिकाणी' उडवतात आणि मथळा देतात 'विदर्भात तुरळक पावसाची शक्यता', की झाला अर्थाचा अनर्थ, कारण ज्या दोन-चार गावांवर तो ढग येतो तिथे पत्रे उडतात आणि शेजारच्या तालुक्यात धूळसुद्धा भिजत नाही.

किती पडेल ते सांगणारे शब्द वेगळे आहेत. २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, आणि ६४.५च्या पुढे मुसळधार. इथेही गंमत बघा, उन्हाळ्यातला पाऊस अर्ध्या तासात ३० मिलिमीटर ओतून गेला, रस्त्याचा ओढा झाला, तरी चोवीस तासांच्या हिशोबात तो 'मध्यम'च. त्यामुळे मे महिन्याचा अंदाज वाचताना पावसाच्या शब्दापेक्षा पुढचं 'सोसाट्याचा वारा, ताशी ४० ते ५० किलोमीटर' हे नीट वाचावं असं माझं मत आहे, कारण नुकसान बहुतेक वाऱ्याचं, गारांचं आणि विजेचं असतं. पिवळा किंवा नारिंगी अलर्टसुद्धा त्या दिवसांत पुष्कळदा त्यासाठीच असतो, पाऊस किती त्यासाठी नाही.

हा वारा पावसाच्या आधी का येतो तेही सांगून टाकतो. ढगातून पडणारं पाणी खालच्या कोरड्या तापलेल्या हवेत येतं, त्यातलं बरंचसं वाटेतच वाफ होऊन जातं, त्याने हवा गार आणि जड होते आणि ती धाडकन खाली येऊन जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून आधी धुळीचा लोट, दारं-खिडक्या आपटणं, आणि थेंब मागून.

आता लाट आणि पाऊस एकाच दिवशी कसे. पहिलं म्हणजे विदर्भ हा अख्खा अकरा जिल्ह्यांचा उपविभाग आहे, अकोला-अमरावतीकडे भाजून निघत असताना गडचिरोली-गोंदियाकडे आभाळ भरून येऊ शकतं. दुसरं म्हणजे एकाच गावातही दोन्ही होतं, कमाल तापमान दुपारी दोन-तीनच्या सुमाराला गाठलं जातं आणि ढग फुटतो संध्याकाळी. तापलेली जमीन हवा वर ढकलते, बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून थोडी ओल आलेली असेल तर त्याच उष्णतेवर ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. म्हणजे ऊन आणि वादळ हे एकमेकांच्या विरोधात नाहीत, उन्हामुळेच ते वादळ आहे.

आणि 'लाट' शब्दालाही हवामान खात्याचं माप आहे बरं का. सपाट प्रदेशात पारा निदान ४०ला पोचलेला हवा आणि वर तो सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त हवा, किंवा मग सरळ ४५ला पोचला पाहिजे. चंद्रपूर-नागपूरकडे मेच्या मध्याला सरासरीच ४२-४३च्या घरात असते, म्हणून ४४ला जीव नकोसा झाला तरी कागदावर लाट नसते. तिकडची माणसं त्याला नुसतं 'तपन' म्हणतात, "लय तपन हाय", आणि मला विचाराल तर 'उष्णतेची लाट' ह्या भाषांतरापेक्षा तो शब्द कितीतरी नेमका बसतो.

राहिलं वळीव आणि अवकाळी. 'अव' लागला की त्या शब्दात काहीतरी वाईट, भलतं येतं: अवदसा, अवलक्षण, अवकळा, अवकृपा. अवकाळी म्हणजे भलत्या वेळी आलेला. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू-हरभरा उभा असताना महाराष्ट्राला गारपिटीने झोडपलं, ते शंभर टक्के अवकाळी. पण एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापून संध्याकाळी गडगडाट करत येणारा पाऊस हा त्या ऋतूचाच पाऊस आहे, दरवर्षी येतो, त्याला स्वतःचं नाव आहे आणि ते वळीव. त्याला सरसकट अवकाळी म्हणणं मला खटकतं.

मात्र एक बाजू मान्य केली पाहिजे. ज्याची हळद शिजवून अंगणात वाळत पडलीय किंवा ज्याच्या आंबिया बहाराच्या संत्र्याची बारकी फळं वाऱ्याने गळून खाली सडा पडलाय त्याच्या दृष्टीने तो पाऊस भलत्या वेळीच आला. वळीव हा शब्द आभाळाकडे बघून म्हटलेला आहे, अवकाळी शेताकडे बघून. शिवाय सरकारी कागदांत 'अवेळी' किंवा 'अवकाळी पाऊस' असं लिहिलेलं असतं, पंचनामे आणि भरपाई त्याच नावाने होतात, 'वळवाने नुकसान' असा अर्ज कोण घेणार, त्यामुळे 'अवकाळी' हा शब्द बातम्यांतून लोकांच्या तोंडी बसला त्यात नवल नाही. मेच्या शेवटी पडला तर जुनी माणसं वळीवही म्हणत नाहीत, 'रोहिणीचा पाऊस' म्हणतात, आणि जूनच्या ७-८ तारखेनंतर तो मृगाचा.

वळवाचा की वळिवाचा? दोन्ही रूपं वाचायला मिळतात. पाटील-पाटलाचा, लाकूड-लाकडाचा, कापूस-कापसाचा ह्या चालीने वळीव-वळवाचा, आणि वकील-वकिलाचा, गरीब-गरिबाचा ह्या चालीने वळिवाचा. बोलताना मी तरी 'वळवाचा'च ऐकलंय आणि लिहितोही तेच. 'वळीवाचा' असं दीर्घ वी ठेवून मात्र लिहू नका, ते ह्या दोन्ही चालींत बसत नाही.