कात्रीच्या आधी तालीम

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तलवार उपसताना नटाचा अंगरखा काखेत उसवला, दिग्दर्शकाने सर्वांदेखत तुला बोल लावला आणि तेव्हापासून शिवण शिंप्यावर सोपवून आपण केवळ रेखाटने करावीत असे तुला वाटू लागले आहे, हे वाचून वाईट वाटले आणि रागही आला. तुझी टीप कच्ची नव्हती. तू माप घेतलेस ते हात सोडून उभ्या असलेल्या माणसाचे, आणि भूमिका होती लढणाऱ्याची. तालीम पाहिल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे तुला किती वेळा सांगायचे?

आता मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खोल करायला धावू नकोस. मुंढा जितका खाली उतरतो, तितका हात उचलताच सगळा अंगरखा वर ओढला जातो. मुंढा काखेलगत ठेव आणि तेथे चौबगला बसव. या चौकोनी तुकड्याचे एक टोक बाहीच्या शिवणीत जाते, समोरचे कुशीच्या शिवणीत. हात खाली असताना तो घडीत मिटतो आणि हात वर गेला की उघडतो. प्रत्येक कोपऱ्यावर माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, सोडून टीप नेमकी थांबली पाहिजे, कारण एक टाका पुढे गेला तरी चुणी पडते. हे काम रेखाटनात दिसत नाही, म्हणूनच शिवण सोडू नकोस.

भानू अथय्या मुळात चित्रकलाच शिकल्या होत्या, असा दाखला तू दिला आहेस. 1983 मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले ते चित्रपटाच्या वेशभूषेसाठी. तेथे उसवलेला कपडा टाचून दृश्य पुन्हा चित्रित करता येते. आपल्या रंगमंचावर ती सोय नाही.

कापडाचेही तेच. आपल्या छत्रपती संभाजीनगरचा मशरू वरून रेशमी आणि आतून सुती असतो, त्यामुळे दिव्यांखाली घामेजलेल्या नटाच्या अंगाला सूतच लागते. परंतु तो नट त्या प्रवेशात सिंहासनावर बसून राहतो की जमिनीवर लोळतो, हे दुकानात नव्हे, तालमीतच कळते. निळ्या कापडावर पिवळट प्रकाश पडला की ते मळकट राखाडी दिसते, हेही रंगीत तालमीच्या रात्री कळून उपयोग नाही.

मला लोक हटवादी म्हणतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर भाड्याचा कपडेपट आणून मोकळे व्हा, असे सांगणाऱ्यांचे मी ऐकले नाही आणि त्यापायी कामे गेली. उमेदीच्या वयात दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जाता आले नाही, ही हुरहूरही आहेच. पण भाड्याचा अंगरखा कोणाच्याच मापाचा नसतो. पाठीत टाचण्या लावून उभा केलेला नट संवाद विसरून टाचणी सांभाळतो. मग हटवादी कोण?

पुढच्या नाटकाच्या पहिल्या वाचनापासून बस. मांजरपाटावर कच्च्या टाक्यांचा अंगरखा बेतून नटाला निदान आठवडाभर तालमीत वापरायला दे आणि जेथे तो ओढेल तेथे खडूने खूण कर. दिग्दर्शक घाई करील; करू दे.

कळावे.