नारळ आता कोण खवतं?

प्रश्न: सासूबाई ७२ वर्षांच्या. गेल्या पावसाळ्यात उजव्या अंगावरून वारं गेलं. फिजिओथेरपी झाली, काठी घेऊन चालतात, हात मात्र कमजोर आहे. आम्ही त्यांना स्वयंपाकघरात फिरकू देत नाही. टीव्ही लावून देतो, संध्याकाळी देवळात भजनाला नेतो. तरी चिडचिड चालूच. डॉक्टर आता ऑक्युपेशनल थेरपी सांगतात. आणखी एक थेरपी कशाला?
– एक सून, डिचोली

उत्तर: बाय, सगळं लिहिलंस, पण घरात नारळ आता कोण खवतं ते नाही लिहिलंस. वारं जाण्याआधी सासूबाईच खवत असणार!

फिजिओने हाताची ताकद आणि चाल बघितली. त्या हाताने त्यांना नेमकं काय करायचंय, इथून आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टांचं काम सुरू होतं. कॅनडात तयार झालेली सीओपीएम नावाची मुलाखतीची पद्धत १९९१पासून वापरात आहे. कोणतं काम महत्त्वाचं ते रुग्णानेच सांगायचं. ते किती जमतं आणि त्यावर आपण किती समाधानी, या दोन्हींना दहापैकी गुणही त्यानेच द्यायचे. तुम्हीही सासूबाईंनाच विचारा. मुलगा मध्येच उत्तर द्यायला लागला तर त्याला बाजारात पाठव.

समज, नारळच निघाला. आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, खाली बसता-उठता यायला हवं, वाटी दोन्ही हातांनी फिरवता यायला हवी आणि पातं बोटांना जाणवायला हवं. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. पक्षाघातानंतर कधीकधी हात हलतो, पण त्याला गरम, टोकदार कळत नाही. थेरपिस्ट ते तपासेल, तोवर पातं आणि गॅस लांबच. स्पर्श ठीक निघाला तर ओट्याला चिकटणारी, दांडा फिरवायची खवणी आणा. दुबळ्या हाताने वाटी धरायची, डाव्याने दांडा फिरवायचा. सुरुवातीला कोणीतरी शेजारी उभं राहा, पण हात घालू नका. आदोळी इतक्यात नको.

टीव्ही आणि भजन बंद करू नका, पण तेवढ्यावर भागत नाही. लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी ३६१ ज्येष्ठांवर केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ती माणसं हिंडती-फिरती होती, पक्षाघाताची नव्हेत, हे ध्यानात ठेव. एका गटाला थेरपिस्टने आपला दिवस आपणच आखायला शिकवलं, दुसऱ्याला सहली, सिनेमे, खेळ असं नुसतं रमवलं, तिसऱ्यासाठी काहीच केलं नाही. नऊ महिन्यांनी पहिल्या गटाची तब्येत आणि उमेद सरस होती. रमवलेला गट मात्र तिसऱ्याहून वेगळा निघाला नाही.

थेरपिस्टला एकदा घरी बोलावच. मुंबईत शिकवायचे तेव्हा मी विद्यार्थ्यांना रुग्णांच्या घरी पिटाळायचे. हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर झकास चालणारा माणूस घरी न्हाणीच्या उंबऱ्याशी अडतो, हे वर्गात बसून कळत नाही.

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. ऑक्युपेशनल थेरपीचा कोर्स कुठे करता येईल?
– एक पालक, फोंडा

उत्तर: देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपी विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये उभं केलं. बाई जन्माने अमेरिकन, लग्न करून इकडे आलेल्या. तिथे पदवी आजही चालू आहे, मुंबईत सायन आणि नायर हॉस्पिटललाही आहे. घराच्या जवळ हवं तर मणिपाल बघा, मडगावहून कोकण रेल्वेने उडुपीला उतरायचं. मुलीला बायोलॉजी सोडू देऊ नका. आणि फॉर्म भरण्याआधी एखाद्या थेरपिस्टबरोबर तिला दिवसभर बसवा. मुलांना तासन्‌तास बटणं लावायला शिकवण्याचा कंटाळा येणारी असेल तर तेव्हाच कळेल.