वाचक विचारतात : पीएचडीच्या रिपोर्टवर 'असमाधानकारक' शेरा आलाय, आता काय?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, ज्युनियर कॉलेजात शिकवते आणि समाजशास्त्रात पार्ट टाइम पीएचडी करतेय, 2023 ची नोंदणी आहे. विषय मासे विकणाऱ्या कोळणींचा. आधीचे प्रोग्रेस रिपोर्ट गाइडनी सही करून पुढे पाठवले, कोणी काही विचारलं नाही. यावेळी मात्र प्रेझेंटेशन झाल्यावर समितीने 'असमाधानकारक' शेरा मारला. नोंदणी रद्द होणार का? गाइड म्हणतात टेन्शन घेऊ नका, त्यानेच जास्त टेन्शन आलंय. आधीचे तीन रिपोर्ट सोबत पाठवतेय.

उत्तर : ताई, एका शेऱ्याने नोंदणी जात नाही, आधी नीट झोपा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे दर सेमिस्टरला रिसर्च अ‍ॅडव्हायजरी कमिटीपुढे प्रेझेंटेशन द्यायचं, छोटा रिपोर्ट द्यायचा, आणि काम समाधानकारक नसेल तर समितीने कारणं नोंदवायची आणि काय सुधारायचं तेही सांगायचं. ते सांगूनही तुम्ही केलं नाहीत तर मग समिती नोंदणी रद्द करायची शिफारस करू शकते, तीही नेमकी कारणं देऊन. म्हणजे तुम्ही अजून पहिल्या पायरीवर आहात. समितीच्या शिफारशींची प्रत तुम्हाला मिळायला हवी असंही त्याच नियमात आहे, ती हातात आली नसेल तर उद्याच दोन ओळींचा ईमेल टाका, तोंडी 'बघू, देऊ' वर जाऊ नका.

तुमचे तीनही रिपोर्ट वाचले. तिन्हींत तेच वाक्य आहे, 'साहित्याचा आढावा सुरू असून क्षेत्रकार्याची तयारी चालू आहे'. आपल्याकडे रस्त्यावर 'काम चालू, रस्ता बंद' ची पाटी लागते ना, तसंच झालंय हे, काम काय चाललंय, कधी संपणार, वाचणाऱ्याला काही कळत नाही. आणि यावर प्रत्येक वेळी 'समाधानकारक' लिहिलं गेलं! माझ्या मते खरं नुकसान त्या शेऱ्यांनी केलंय, कारण पहिल्याच वर्षी कोणी टोकलं असतं तर तुम्ही तेव्हाच सावरला असतात. प्रोफेसरकडे एका वेळी 8, असोसिएट प्रोफेसरकडे 6, असिस्टंटकडे 4 विद्यार्थी असू शकतात, त्यात लेक्चर, पेपर तपासणी, नॅकची (कॉलेजच्या दर्जा तपासणीची) कागदपत्रं, मग रिपोर्ट समोर आला की 'कुठे सही करू?' एवढंच विचारलं जातं. पण तुमच्या समितीचे निमंत्रक गाइडच असतात, त्यामुळे शेरा कशावरून आला हे त्यांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, भांडायला नको, फक्त भेटीची वेळ मागा आणि जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा.

आता पुढचा रिपोर्ट. तुम्ही पत्रात जे सहज लिहिलंय ना, की ससून डॉकवर लिलाव पहाटे होतो आणि तुमचं कॉलेज सकाळचं, त्यामुळे शनिवार-रविवारच जमतं, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असल्याने त्या काळात धक्क्यावर बायका फारशा भेटल्याच नाहीत, हे रिपोर्टात का नाही? समितीतल्या माणसाला हे कसं कळणार, तो काय भाऊच्या धक्क्यावर बसलाय का? लिहा की बंदीच्या काळात मुलाखती थांबल्या, म्हणून आधीच्या मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन पूर्ण केलं, इतक्या झाल्या, इतक्या राहिल्या, दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा अमुक तारखेला गाइडना दिला. आकडा आणि तारीख, बस्स. जे झालं नाही तेही लिहा, लपवलं की पुढच्या प्रेझेंटेशनला तेच बाहेर येतं. आणि समितीने जे मुद्दे दिलेत ते एकेक घेऊन त्यापुढे काय केलं ते लिहा, कारण पुढच्या वेळी ते आधी तेच बघणार.

मुदतीचं म्हणाल तर प्रवेशापासून 6 वर्षं, म्हणजे तुमची 2029 पर्यंत. रि-रजिस्ट्रेशनने आणखी 2 मिळू शकतात आणि महिलांना त्यावर 2 ची सवलत, सगळं मिळून 10 च्या वर नाही. पण हा आकडा डोक्यात ठेवून निवांत बसू नका, सवलत 'मिळू शकते' असं आहे, मिळतेच असं नाही. बाळंतपण किंवा मुलांच्या संगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे, लागली तर अर्ज वेळेत करा, नाहीतर मधली रिकामी सेमिस्टर रिपोर्टात आळस म्हणून दिसते.

प्रश्न : मला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) आहे, मुंबई युनिव्हर्सिटीत कलिन्याला पीएचडी करतोय. युनिव्हर्सिटीचा प्रोग्रेस रिपोर्ट दिला की एसआरएफ (त्यापुढची सीनियर फेलोशिप) आपोआप होतं का?

उत्तर : नाही रे बाबा. दोन वर्षं झाली की कामाचं वेगळं मूल्यमापन होतं, समिती बसते, तिने होकार दिला की मग स्टायपेंडचे महिन्याला 37,000 रुपयांचे 42,000 होतात. त्याची तारीख गाइडना दोन-तीन महिने आधी आठवण करून दे, बाहेरचा तज्ज्ञ बोलवायचा असतो आणि सुट्ट्यांत कोणी सापडत नाही. रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेव, ऑफिसात फाइल सापडत नाही म्हणून स्टायपेंड अडकलेली पोरं कॅन्टीनमध्ये कायम भेटतात.