ड्रेन अडकलाय? आधी तो काय म्हणतोय ते ऐका

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न कुबरनेटिसचा (अनेक सर्व्हरवर मिळून ॲप चालवणारी प्रणाली) नोड, म्हणजे त्यातला एक सर्व्हर, मेंटेनन्ससाठी बाहेर काढण्याबद्दलचेच आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतो.

प्रश्न (अंबड): आमचा ऑफिसातला छोटा क्लस्टर आहे, तीन वर्कर (ॲप चालवणारे नोड). शनिवारी एका सर्व्हरला रॅम टाकायचीय. सोबतचा म्हणतो सरळ बंद कर, कुबरनेटिस सांभाळून घेतं. बरोबर आहे का?

सांभाळून घेतं, पण त्याच्या सवडीने. प्लग काढला की नोड गेला हे कंट्रोल प्लेनला, म्हणजे क्लस्टरच्या मेंदूला, कळायलाच पाऊण-एक मिनिट जातं, मग नोड नॉट-रेडी होतो, आणि त्यावरच्या पॉडना (पॉड म्हणजे ॲपची चालू कॉपी) डिफॉल्ट ३०० सेकंदांची सवलत असते, म्हणजे पुढची पाच मिनिटं काहीच हलत नाही. एकच कॉपी असलेली सर्व्हिस तेवढा वेळ बंद. डेटाबेस स्टेटफुलसेटमध्ये (ज्यांना स्वतःचा डेटा असतो अशा पॉडचा गट) असेल तर त्याहून वाईट, तो पॉड 'टर्मिनेटिंग' दाखवत लटकून राहतो आणि दुसरीकडे उभाच राहत नाही, कारण जुना खरंच मेलाय की नुसतं नेटवर्क तुटलंय हे क्लस्टरला कळत नाही, आणि एकाच डेटावर दोघं लिहायला लागले तर वाटच लागेल.

म्हणून आधी कॉर्डन, मग ड्रेन, मग बंद. मिसळीच्या हॉटेलात दुपारी शटर अर्धं ओढतात ना, आतले बसू देत पण नवीन गिऱ्हाईक नको, ते कॉर्डन. ड्रेन म्हणजे मालक टेबलापाशी येऊन सांगतो, चला उठा, बाजूच्या शाखेत जागा आहे. ड्रेन स्वतःच आधी कॉर्डन करतो, पण मी तरी कॉर्डन वेगळं, अर्धा तास आधी करतो, तेवढ्यात चालू जॉब संपतात.

पण बाजूच्या शाखेत खरंच जागा आहे का ते बघितलंत का? तीन नोड प्रत्येकी ७० टक्के भरलेत, एक काढला तर २१० टक्क्यांचं सामान दोघांवर, म्हणजे प्रत्येकी १०५. बसणार नाही, पॉड पेंडिंगमध्ये. आणि हे ७० टक्के ग्राफवरचे नाहीत हं, शेड्युलर, म्हणजे पॉड कुठल्या नोडवर बसवायचा हे ठरवणारा, खरा वापर बघत नाही, पॉडने मागितलेली रिक्वेस्ट बघतो. 'क्यूबसीटीएल डिस्क्राइब नोड' ही कमांड मारा, खाली 'अलोकेटेड रिसोर्सेस' येतं, तो आकडा धरा.

प्रश्न (कॉलेज रोड): ड्रेन मारला, दोन तास झाले, दर पाच सेकंदांनी तीच ओळ येतेय की डिसरप्शन बजेट मोडेल म्हणून पॉड काढता येत नाही. कंट्रोल-सी करून पॉड हाताने डिलीट करू का?

नका करू! निदान आधी बघा तरी. ड्रेन पॉड थेट मारत नाही, एव्हिक्शन एपीआयला विचारतो, आणि तो पीडीबी म्हणजे पॉड डिसरप्शन बजेट (किमान किती कॉपी चालू राहिल्याच पाहिजेत याचा नियम) बघून हो-नाही सांगतो. तुम्ही हाताने डिलीट मारलं की पीडीबी विचारातच घेतला जात नाही, थेट उडतो. दोन तास जो दरवाजा बंद होता तो बंद का होता हे न बघता खिडकीतून उडी.

'गेट पीडीबी' मारा, त्यात 'अलाउड डिसरप्शन्स' नावाचा कॉलम आहे. पावसाळ्यात आपण नाशिककर गोदावरीला किती पाणी आलंय हे दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून ठरवतो ना, गुडघ्याला की कमरेला की छातीला, तसा हा कॉलम. मी कुठलाही ड्रेन त्याच्याकडे बघितल्याशिवाय सुरू करत नाही. तिथे शून्य असेल तर तुम्ही कितीही वेळ थांबा, काही होणार नाही, आणि ड्रेनला टाइमआउट डिफॉल्टने नसतोच, तो उद्यापर्यंत विचारत बसेल.

शून्य का येतं? दहातल्या आठ वेळा मला दिसलेलं कारण एकच: रेप्लिका (कॉपी) १ आणि 'मिनअव्हेलेबल' (किमान चालू हव्यात तेवढ्या) पण १. कुणीतरी हेल्म चार्टमधला (ॲप बसवायचा तयार साचा) पीडीबी चालू केला आणि कॉपी मात्र एकच ठेवली. म्हणजे एक कायम चालू पाहिजे आणि आहे पण एकच, मग काढणार कोणाला? रेप्लिका २ करा, दुसरा रेडी झाला की ड्रेन आपोआप पुढे सरकतो, परत मारायची पण गरज नाही. दुसरं कारण, पॉड आधीच क्रॅशलूपमध्ये असतो, म्हणजे सारखा पडून परत सुरू होतो, धड चालतही नाही आणि बजेटमुळे निघतही नाही. त्यासाठी पीडीबीत 'अनहेल्दी पॉड एव्हिक्शन पॉलिसी' नावाची सोय आहे, ती 'ऑलवेज अलाउ' ठेवा, कुबरनेटिस १.२७ पासून बीटात होती आणि १.३१ ला पक्की झाली.

प्रश्न (पिंपळगाव बसवंत): नेटवरून घेतलेली एकच कमांड वापरतो: ड्रेन, इग्नोर-डेमनसेट्स, डिलीट-एम्प्टीडिर-डेटा आणि फोर्स. चालतंय की. काही धोका?

इग्नोर-डेमनसेट्समध्ये काही नाही. डेमनसेटचे पॉड, म्हणजे प्रत्येक नोडवर एकेक चालणारे, लॉग गोळा करणारे वगैरे, काढून उपयोग नसतो, कॉर्डन असलं तरी ते तिथेच परत उगवतात, म्हणून ड्रेन म्हणतो दुर्लक्ष करू का ते सांग.

डिलीट-एम्प्टीडिर-डेटात धोका आहे. एम्प्टीडिर म्हणजे त्या नोडवरची तात्पुरती जागा, पॉड गेला की ती पण गेली. कॅश असेल तर जाऊ दे. पण कुणीतरी अपलोड झालेल्या फायली तिथे ठेवत असेल तर? या फ्लॅगचं जुनं नाव 'डिलीट-लोकल-डेटा' होतं, १.२० मध्ये बदललं, तुमच्या कमांडमध्ये नवीन नाव आहे म्हणजे निदान फार जुन्या पानावरून तरी उचललेली नाही.

आणि फोर्स. याचा अर्थ लोकांना वाटतो 'जोर लावून काढ'. तसं नाहीये, फोर्स लावून पण पीडीबी अडवतोच. फोर्स म्हणजे ज्या पॉडला मागे डिप्लॉयमेंट (पॉड गेला तर परत उभा करणारा) वगैरे कोणी नाही, असे अनाथ पॉड पण काढ. ते परत कुठेही उभे राहत नाहीत. माझ्याच हातून झालंय हे, एका क्लायंटकडे रात्री दोन वाजता, झोपेत तीच तीन फ्लॅगवाली ओळ पेस्ट केली, ड्रेन दीड मिनिटात संपला आणि मी खूश. सकाळी सातला फोन, रात्रीपासून एकाही ऑर्डरचा एसएमएस गेला नाही. कुणीतरी आठ महिन्यांपूर्वी टेस्टिंगसाठी म्हणून सुटा पॉड चालवला होता आणि एसएमएसची रांग तोच उपसत होता, याची यामल फाइल (पॉडचं वर्णन असलेली) कुठेच नाही, इमेजचं नाव मला टर्मिनलच्या जुन्या स्क्रोलमधून शोधायला लागलं. तेव्हापासून आधी फोर्स न लावता ड्रेन मारतो, तो चिडून अनाथांची यादी देतो, ती यादी वाचतो, मग ठरवतो.

प्रश्न (सातपूर): दोन रेप्लिका आहेत तरी प्रत्येक ड्रेनला काही सेकंद एरर येतात. का?

दोन्ही एकाच नोडवर तर नाहीत ना बसलेले? बघा आधी, टोपॉलॉजी स्प्रेड (कॉपी वेगवेगळ्या नोडवर पसरवण्याचा नियम) लावलं नसेल तर होतं असं, आणि पीडीबी पण नसेल तर दोघं एकदमच उठवले जातात.

ते नसेल तर मग बंद होण्याची पद्धत. पॉडला सिगटर्म (आवरून बंद हो) येतो, डिफॉल्ट ३० सेकंद मिळतात, नंतर सिगकिल (सरळ मारणं). पण सर्व्हिसच्या यादीतून त्याचं नाव कमी होणं हे त्याच वेळी बाजूला चालू असतं, ॲप पटकन बंद झालं आणि यादी अजून जुनीच असेल तर रिक्वेस्ट बंद दारावर आपटते. प्रीस्टॉप हुकमध्ये (सिगटर्मच्या आधी चालणारी पायरी) ५-१० सेकंदांचा स्लीप टाका, गंमत वाटेल पण बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. आणि कंटेनर शेल स्क्रिप्टने सुरू होत असेल तर शेवटच्या ओळीत 'एक्झेक' आहे का बघा, नाहीतर सिग्नल शेलपाशीच राहतो, ॲपला कळतच नाही.

प्रश्न (गंगापूर रोड): अनकॉर्डन केलं (कॉर्डन उठवलं), नोड रेडी आहे, पण रिकामाच. बिघडलाय का?

नाही. बसलेले पॉड शेड्युलर स्वतःहून हलवत नाही. एखाद्या मोठ्या डिप्लॉयमेंटला 'रोलआउट रीस्टार्ट' द्या, नवीन पॉड तिकडेही जातील.

पुन्हा अंबड, दुसरा मेल: मास्टर (कंट्रोल प्लेनचे नोड) तीन आहेत, ते पण असेच ड्रेन करायचे?

एका वेळी एकच. तिघांत एटसीडीला (क्लस्टरची सगळी माहिती ठेवणारा डेटाबेस) दोनांचं बहुमत लागतं, म्हणजे एक गेला तर चालतं, दोन गेले की क्लस्टरमध्ये लिहिणं बंद. आणि ड्रेनने एटसीडी थांबत नाही, तो स्टॅटिक पॉड (नोड स्वतःच फाइलवरून चालवतो तो) असेल तर ड्रेन त्याला हात लावत नाही, मशीन बंद कराल तेव्हाच जाईल. म्हणून पहिला परत येऊन तिन्ही मेंबर हेल्दी दिसेपर्यंत दुसऱ्याला हात नाही, आणि त्याआधी एटसीडीचा स्नॅपशॉट काढून तो त्याच मशीनवर न ठेवता दुसरीकडे ठेवा. शिवाय तुमच्या मेलमधल्या फोटोत तिन्ही मास्टरच्या वायरी एकाच यूपीएसला जाताना दिसतायत, शनिवारी रॅक उघडणारच आहात तर त्या पण वेगवेगळ्या करून टाका.