अचानक डोळे भयंकर कोरडे पडलेत, सतत आग होते आणि ड्रॉप्सनी तात्पुरतंच बरं वाटतं, काय करू?

सगळ्यात आधी, हा त्रास खरा आहे, "नुसते डोळेच तर कोरडे आहेत" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अचानक सुरू झालंय म्हणजे मागच्या काही महिन्यांत काय बदललं ते आठवा, ॲलर्जीच्या गोळ्या, डिप्रेशनची काही औषधं, पिंपल्ससाठीची आयसोट्रेटिनॉइन, लेसिक ऑपरेशन, यातल्या कशानेही होऊ शकतं, पण औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर स्योग्रेन्सची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते तो आजार) तपासणी करा.

ड्रॉप्स दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइड या नेहमीच्या प्रिझर्व्हेटिव्हने डोळ्याचा पृष्ठभाग अजून बिघडतो. लाली घालवणारे ड्रॉप्स तर नकोच. बऱ्याच जणांच्यात पाणी कमी नसतं, पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींमधलं तेल घट्ट झालेलं असतं म्हणून अश्रू लगेच उडून जातात, तिथे रोज 5-10 मिनिटं कोमट शेक आणि नंतर हलका मसाज खूप उपयोगी पडतो, पण फरक दिसायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका. डॉक्टरांनी सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स दिले तर त्यांचंही तसंच, ते सुरुवातीला झोंबतात आणि असर यायला काही महिने जातात.

स्क्रीनसमोर मुद्दाम पूर्ण पापणी मिटा, पंख्याचा झोत चेहऱ्यावर नको.

नजर कमी झाली, उजेड सहन होईना किंवा जोरात दुखायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि या त्रासाने मन खचतं, झोप उडते, तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा.