लेकीने रविवारी संदेश द्यावा का? ऐरोलीच्या ताईंना उत्तर

जय ख्रिस्त ताई. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लेक तीन वर्षं थिऑलॉजी शिकून आली, पण पाळक म्हणतात की तिने संडे स्कूल घ्यावं, महिलांची सभा घ्यावी, रविवारच्या उपासनेत मात्र संदेश, म्हणजे प्रवचन, नाही. हे शास्त्र आहे की त्यांचं मत, एवढंच तुम्हाला हवंय. वरच्या प्रतिक्रियांत एकाने ‘मंडळी (चर्च) बदला’ लिहिलंय, दुसऱ्याने ‘पौलाने (नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताने) लिहिलं, विषय संपला’. मला दोन्ही पटत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आधी माझं सांगते. कोपरखैरण्यात आमची मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. मध्यभागी लाकडी पुल्पिट, म्हणजे प्रवचनाचा मंच, बाजूला गायनगटाचा म्युझिक स्टँड. बाई बोलणार असली की माइकची वायर ओढून स्टँडापाशी आणायची, हा अलिखित नियम. त्या स्टँडवरून मी एकदा चाळीस मिनिटं रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उलगडला. पुरुष वह्या काढून टिपणं घेत होते. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं ‘साक्ष’, म्हणजे नुसतं स्वतःचा अनुभव सांगणं. पुल्पिटावर त्या दिवशी फुलदाणी ठेवली होती.

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, निदान त्या फुलदाणीने प्रश्न नेमका कुठे अडलाय ते दाखवलं. बाईने शिकवायला कुणाची हरकत नव्हती. त्याला ‘शिकवणं’ म्हणायला होती.

आता शास्त्र. पाळकांवर लगेच ‘बायकांना दाबता’ असा आरोप करू नका. त्यांचा आधार पौलाचं तीमथ्याला पहिलं पत्र, दुसरा अध्याय, बारावं वचन: बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. हा नियम फक्त तीमथ्य होता त्या इफिस शहराच्या मंडळीतल्या गोंधळापुरता होता, असं म्हटलं की ते पुढचं वचन दाखवतात: पौल कारण देतो ते आदाम आधी घडवला गेला हे, म्हणजे उत्पत्तीपासूनचं. हा मुद्दा हलका नाही. पण त्याच वचनात ‘अधिकार चालवणे’ यासाठी आलेला ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात एकदाच आलाय, त्यामुळे तो साधा अधिकार की दांडगाई, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. शिवाय करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात बायका सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात हे पौल गृहीत धरतो, फक्त डोक्यावर पदर घ्या म्हणतो. आणि चौदाव्यात गप्प राहा म्हणतो. दोन्ही एकाच पत्रात. प्रिस्किल्लाने नवऱ्याबरोबर अपुल्लोला घरी नेऊन देवाचा मार्ग नीट समजावला. फिबी या बाईला पौल जो शब्द लावतो (‘दियाकोनोस’, म्हणजे सेवक) तोच तो स्वतःलाही लावतो. तेव्हा ‘शास्त्र स्पष्ट आहे’ असं कुठल्याही बाजूने कुणी म्हणालं, तर समजा त्याने अर्धंच उघडलंय.

आणि एक वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल: ‘हे पाश्चात्त्य स्त्रीमुक्तीचं वारं आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही.’ इथे मी थांबवते. आज तरुण पाळक ज्या शब्दांत हा विषय मांडतात ते बरेचसे अमेरिकेतून आलेत; १९८७मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्सला तयार झालेल्या निवेदनात ती मांडणी सापडते. तिकडे भांडण चालूच आहे. बायकांना पाळक नेमलं म्हणून सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या संप्रदायाने २०२३मध्ये रिक वॉरन यांनी उभं केलेलं सॅडलबॅक चर्च बाहेर काढलं, पण पुढच्या वर्षी घटनेतच बंदी घालायचा ठराव दोनतृतीयांश मतांपर्यंत पोचला नाही, ६१ टक्क्यांवर अडला.

आणि आपलं काय? पंडिता रमाबाई १८८४च्या सुमारास इंग्लंडात चेल्टनहॅमच्या कॉलेजात होत्या. त्यांनी तिथे पुरुषांनाही शिकवावं असं निघालं, तर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी मोडता घातला. कारण काय, तर मायदेशी तिचं वजन कमी होईल म्हणे. रमाबाईंनी कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना कळवलं त्याचा आशय असा: माझ्या आईने आणि मी तरुण पुरुषांना शिकवलं, माझ्या वडिलांची हरकत नव्हती, नवऱ्याची नव्हती, आणि इंग्रजांना कशी काय आहे! वडील कोण, तर अनंतशास्त्री डोंगरे, वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. पुढे याच बाईने केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवले तेही बायकांनीच. तेव्हा पाश्चात्त्य काय आणि आपलं काय, हे कुणी मला शिकवू नये.

नगरच्या बूथ हॉस्पिटलला कोविडात किती जणांनी दुवा दिला. ते नाव इव्हँजेलिन बूथ यांचं. १९३४मध्ये ही बाई साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेची जनरल, म्हणजे प्रमुख, झाली. आर्मी पक्की सुवार्तिक, तरी तिथे बाई ऑफिसर होते हे पहिल्यापासून.

आता कामाचं. पाळकांना एकच विचारा: हा नियम संप्रदायाचा आहे, मंडळीच्या घटनेत लिहिलाय, की वडीलमंडळाने (मंडळी चालवणाऱ्या ज्येष्ठांनी) ठरवलाय? तिन्हींची उत्तरं वेगळी आणि पुढचा रस्ताही वेगळा. ब्रदरन या संप्रदायाच्या सभेत कितीही वाद घातलात तरी काही हलणार नाही. स्वतंत्र फेलोशिपमध्ये बहुतेक वेळा कुठेच काही लिहिलेलं नसतं. आमच्याकडे तर ट्रस्टच्या कागदांवर पाळकबाईंची, म्हणजे पाळकांच्या पत्नीची, सही चालायची, वडीलमंडळात बसलेल्या मात्र चालत नव्हत्या!

लेकीलाही विचारा, तिला नेमकं काय हवंय. वचन शिकवायचंय, की पाळकपदाची दीक्षा घेऊन प्रभुभोजन द्यायचंय? दुसरं हवं असेल तर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे, तिथे बायकांना दीक्षा मिळते. त्यासाठी आजच्या मंडळीशी वैर धरायची गरज नाही. फक्त शिकवायचं असेल तर भांडण लहान आहे. आणि संडे स्कूलला नाक मुरडू नका, पण मानधनाचं स्पष्ट बोला. पुरुष इंटर्नला मिळतं आणि तिला ‘सेवा’ म्हणून काहीच नाही, असं होऊ देऊ नका. इथे वचनाचा प्रश्नच येत नाही.

एवढं करा: पुढची कॉटेज प्रार्थना, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, तुमच्या घरी ठेवा, वचन लेकीकडे द्या, पाळकांना आणि पाळकबाईंना सहकुटुंब बोलवा. घरात पुल्पिट नसतं, सोफ्यावर बसून सगळेच ऐकतात. विषय काढायचा तो चहा झाल्यावर, तोही पाळकबाईंच्या समोर. काय झालं ते इथे कळवा.